कुर्ल्याची चाके आणि बोरघाटाची वाट

कुर्ला स्टेशनावर पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला "सी.एस.टी. रोड" असे सांगितले, की नवखा मनुष्य हमखास चक्रावतो. सी.एस.टी. म्हणजे बोरीबंदर हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले, की कुर्ल्यात उतरून पुन्हा बोरीबंदरला कसे जायचे, हे कोडे त्याला सुटत नाही. पण वाचकहो, या रस्त्याच्या नावाचा त्या स्टेशनाशी काडीचाही संबंध नाही. ती अक्षरे आहेत 'सेंट्रल साल्सेट ट्रॅमवे'ची. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. १९२८ साली अंधेरीहून कुर्ल्यावरून ट्रॉम्बेपर्यंत एक छोटी आगगाडी धावू लागली आणि १९३४ साली ती बंदही पडली. सहा वर्षांचे तिचे आयुष्य! रूळ गेले, स्टेशने गेली, नाव तेवढे रस्त्याला चिकटून राहिले.

गाडी गेली, पण चाके मात्र या रस्त्याला सोडून गेली नाहीत. कुर्ल्याकडून कलिन्याकडे जाऊ लागले, की दोन्ही बाजूंना मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने सुरू होतात. कुठे आरशांची तोरणे, कुठे दिव्यांच्या राशी, कुठे उभे करून ठेवलेले दरवाजे. आणि या सगळ्यांच्या वर, डोळ्यांत भरतील अशी टांगलेली चाके! रुपेरी, काळी, तांबूस, पाच पाकळ्यांची, दहा आऱ्यांची. दिवाळीच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात आकाशकंदील जसे टांगतात, तशी ही रिमे टांगलेली. डोक्यावरून सांताक्रूझच्या विमानतळावर उतरणारी विमाने घरघरत जातात. जवळच मिठी नदी आपले काळे पाणी घेऊन मुकाट्याने वाहत असते. थोड्या अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुलाचे काचेचे मनोरे उन्हात चमकतात. मनोऱ्यांत कोट्यवधींचे व्यवहार होत असतील, पण एका नटाच्या आट्यांवरून तासभर वाद घालणारी माणसे पाहायची असतील, तर याच गल्ल्यांत यायला हवे.

आणि कुर्ल्याला हा मान काही फुकटचा मिळालेला नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट आणि तिचीच वंशज पद्मिनी इथेच जन्मली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन ती कित्येक दशके या शहरात फिरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून उतरली. कारखाना मिटला, टॅक्सी गेली, पण पाना धरणारे हात राहिले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी मी या रस्त्यावर गेलो, तो माझ्या भाच्याबरोबर. माझी सारी नोकरी शाळामास्तरकीत गेली. मोटारीच्या चाकाशी माझा संबंध म्हणजे ते पंक्चर झाले की उतरून बाजूला उभे राहण्यापुरता. पण भाच्याने हट्टच धरला, "मामा, तुम्ही चलाच. तुम्ही बरोबर असलात, की दुकानदार जरा जपून भाव सांगतो."

भाच्याची गाडी मारुतीची स्विफ्ट. घेतली तेव्हा पैशाची ओढाताण होती, म्हणून सगळ्यांत साध्या प्रकारातली घेतली. त्यामुळे तिला चौदा इंची लोखंडी चाके आणि त्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या. त्यातल्या दोन टोप्या पावसाळ्यात खड्ड्यांनी गिळल्या होत्या. आता टायरही झिजले होते. भाऊबीजेला पुण्याला बहिणीकडे जायचे, तर नवे टायर हवेत, आणि टायर घ्यायचेच तर चाकेही नवी, चकचकीत, 'अलॉय'ची का घेऊ नयेत, असा त्याचा विचार. त्यात गैर काय? दिवाळीत आपण घराला रंग देतो, तसा पोराने गाडीला नवा दागिना करावा. पण पुण्याला जाताना त्या चार चाकांवर तो स्वतः, त्याची बायको, चार वर्षांची चिमुरडी, माझी धाकटी बहीण आणि मी, अशी पाच माणसे बसणार होतो. आणि वाटेत बोरघाट होता.

या हलक्या धातूच्या चाकाची कुळकथाही मोठी रंजक आहे. मोटारीची पहिली चाके लाकडी आऱ्यांची नाहीतर सायकलसारखी तारांची असत. १९२४ साली फ्रान्समधल्या लिआँ शहरी झालेल्या मोठ्या शर्यतीत एतोरे बुगाटी याने आपल्या 'टाइप ३५' गाडीला ॲल्युमिनियमची ओतीव चाके लावली. रुंद अशा आठ पट्ट्यांचे ते चाक होते आणि ब्रेकचा ड्रम त्याच्याच पोटात होता. चाक हलके असले, की खड्ड्यातून ते चटकन वर येते, चटकन खाली बसते आणि टायरची रस्त्यावरची पकड सुटत नाही, हे त्यामागचे तत्त्व. म्हणजे जन्म झाला तो उपयोगासाठी. शोभा मागाहून आली. आज मात्र बहुतेक गिऱ्हाईक शोभेसाठी येते आणि उपयोगाची आठवण त्याला दुकानदाराने करून द्यावी लागते. द्यायची त्याची तयारी असली तर!

आम्हाला ती करून देणारा भेटला. गल्लीत त्याला सगळे 'चाचा' म्हणतात. सत्तरीला टेकलेला, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कानावर खडूचा तुकडा. मूळ गाव खेडकडचे. माझ्या तोंडची मराठी ऐकताच त्याची कोकणी वळणाची मराठी सुरू झाली आणि मी शिक्षक होतो हे कळल्यावर मला 'मास्तर' ही पदवी मिळाली.

भाच्याने पहिल्याच झटक्यात सतरा इंची चाकाकडे बोट दाखवले. चाचाने गाडीच्या टायरवरचे अक्षर वाचले, '१६५/८० आर १४', आणि खडूने फरशीवर हिशेब मांडला. मास्तरलाही आनंद व्हावा असा तो हिशेब होता. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ८०, अर्थात १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा व्यास इंचांत. अशी भिंत वर एक, खाली एक, मध्ये रिम; सगळे मिळून चाकाची उंची सुमारे ६२० मिलिमीटर.

"ही उंची हलवायची नाही," चाचा म्हणाला. "उंची वाढली तर काटा ऐंशी दाखवील नि गाडी जास्त पळत असेल. आता सतरा इंची रिम घातलं, नि उंची तीच ठेवायची, तर भिंत कापावी लागते. २०५/४५ चा टायर बसेल. भिंत उरली ९२ मिलिमीटर. म्हणजे चार सेंटिमीटर रबर नि हवा गेली. खड्ड्यात ती गादी असते, पोरा. गादी गेली की मार रिमला."

लोखंडी चाक जोराच्या माराने बहुधा वाकते. ओतीव चाकाला तडा जाण्याची भीती असते. मुंबईच्या पावसाळ्याला तोंड देणाऱ्या गाडीला याहून निराळे काय सांगायचे? शिवाय रुंद टायर चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डाच्या आतल्या अस्तराला घासतो, मागे माणसे बसली की वर टेकतो. भाच्याने सतरा इंचांवर पाणी सोडले. पंधरा इंचांवर तडजोड झाली. १८५/६५ आर १५ या टायरची उंची येते सुमारे ६२१ मिलिमीटर. जुन्या-नव्यात फरक दीड-दोन मिलिमीटरांचा. हाच टायर कंपनी याच गाडीच्या वरच्या प्रकाराला देते, त्यामुळे कायद्याच्याही कटकटी नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करता येत नाहीत. चाक मडगार्डाच्या बाहेर डोकावू लागले, तर पोलीस आणि विमा कंपनी दोघांनाही ते दिसते.

इथपर्यंत सारे गोडीगुलाबीत चालले होते. पण भाच्याची नजर कोपऱ्यातल्या एका जोडावर गेली. होंडाच्या गाडीची मूळची, वापरलेली, पंधरा इंची अलॉय चाके! घासूनपुसून लखलखीत केलेली. शेजारच्या दुकानदाराने ती चाचाकडे नुसती ठेवायला दिली होती. नव्या चाकांच्या निम्म्याहूनही कमी किंमत. भाच्याने मोबाईलवर खटाखटा शोधले आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "चाचा, हिलाही चारच नट, आणि नटांच्या वर्तुळाचा व्यास शंभर मिलिमीटर. आमच्या गाडीचाही शंभरच. म्हणजे बसणारच!"

"चढेल," चाचा म्हणाला, "बसणार नाही."

वाचकहो, हा सगळा लेख मी लिहिला, तो या दोन शब्दांसाठी. चाक चढणे निराळे आणि चाक बसणे निराळे.

भाच्याला ते पटले नाही. त्याचे तोंड उतरले. तीन चाकांच्या किमतीत चार चाके, टायर आणि वर चिमुरडीला पैंजण, एवढा हिशेब त्याच्या मनात तोवर होऊन गेला असणार. तो चाकांच्या मालकाकडे, शेजारी गेला. तिथे एक तरणाबांड पोरगा हवेच्या दाबावर चालणारी 'गन' घेऊन तयारच होता. "शेठ, पंधरा मिनिटांत लावून देतो. रोज लावतो आम्ही." मी दोघांच्या मध्ये उभा. एका बाजूला कमी पैसे आणि पंधरा मिनिटे, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्याचे दोन शब्द. खरे सांगायचे तर कोणाचे बरोबर, हे ठरवण्याची माझ्यापाशी विद्या नव्हती. मी इतकेच म्हणालो, "अरे, नाही म्हणण्यात ज्याचा काही फायदा नाही, तो नाही का म्हणतो, हे तरी ऐकून घे."

चाचाने ऐकवले नाही, दाखवले. गाडीचे पुढचे एक चाक जॅकवर उचलून काढले आणि होंडाचे चाक तिथे लावले. अगदी सहज आत गेले. भाचा हसला. मग चाचाने दुकानातल्या खोक्याचा पातळ पुठ्ठा फाडला आणि चाकाच्या मधल्या भोकात, हबच्या कडेने घातला. पुठ्ठा सरळ आत सरकला. "तुमच्या गाडीचा मधला गोल ५४.१ मिलिमीटरचा. या चाकाचं भोक ५६.१. दोन मिलिमीटर मोकळं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आसावर सैल असला तर काय होतं, मास्तर?"

"चाक लडबडते," मी म्हणालो. इतके मला लहानपणच्या गावाने शिकवले होते.

"हे पण तेच करणार. ऐंशीच्या पुढे गेलात की स्टिअरिंग हातात थरथरेल. यासाठी मध्ये कडं मिळतं, ते घालता येतं. पण आता नट बघा." मारुतीच्या नटाचे तोंड निमुळते, शंकूसारखे. होंडाच्या मूळ चाकातली नटाची बैठक मात्र वाटीसारखी गोल. चाचाने नटाच्या तोंडाला काळे वंगण फासले, नट हाताने बसवला, पान्याने हलकेच आवळला आणि परत काढला. वाटीत काळी खूण उमटली होती ती केसाएवढ्या कड्याची. "एवढ्याशा रेघेवर चाक धरलंय. आवळलं तर आज घट्ट वाटेल. ही रेघ दबली, झिजली, की नट सैल."

भाचा अजून हरला नव्हता. "मग होंडाचेच नट लावू. ते गोल तोंडाचे असतात ना?"

चाचाने तसा एक नट त्याच्या हातात दिला. "लाव. हाताने लाव." नट एक-दोन फेरे फिरला आणि अडला. दोन्ही बोल्ट बारा मिलिमीटर जाडीचे, पण मारुतीच्या आट्यांतले अंतर सव्वा मिलिमीटर आणि होंडाच्या दीड. "हाताने अडतो, म्हणून कळतं. ती गन लावली असती, तर नट रडत-ओरडत गेला असता आत, नि बोल्टाचे आटे खाऊन टाकले असते. बाहेरून काही दिसलं नसतं."

गल्लीत क्षणभर कुणी बोलले नाही. शेजारचा पोरगाही गन खाली ठेवून बघत होता. भाच्याने तो नट उलटासुलटा केला, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "मामा, चिंगी मागच्या सीटवर असते." एवढेच. होंडाची चाके परत गेली. ती चाके वाईट होती असे नव्हे. त्यांच्या स्वतःच्या गाडीवर ती उत्तमच बसली असती.

मग नवी चाके पाहणे झाले. ती कशी पाहावी, हेही चाचाकडून शिकावे. आपण चाक पुढून पाहतो. तो मागून पाहतो. मागच्या अंगाला ते किती भार पेलू शकते, याचा आकडा ओतलेला असतो. भरलेली स्विफ्ट साधारण तेराशे किलोंच्या घरात जाते. जास्त भाराच्या आसावर येणाऱ्या वजनाच्या निम्म्याहून चाकाची ताकद अधिक हवी. जपानी कसोटीला उतरलेल्या चाकावर 'जेडब्ल्यूएल' अशी अक्षरे असतात. मागेच आणखी एक आकडा असतो, तो 'ऑफसेट'चा. चाकाची मधली रेघ आणि चाक हबला टेकते ती बाजू, यांतले हे अंतर. ते मूळच्या जवळपास हवे. कमी झाले तर चाक बाहेर येते, बेअरिंगवर भार वाढतो. जास्त झाले तर आत सरकून काहीतरी घासते. वापरलेले चाक घेणाऱ्याने तर मागची बाजू बोटाने चाचपावीच, कारण तडा वितळवून सांधलेला आणि वरून रंग फासलेला, असे जोडही बाजारात फिरतात.

दुकानदारांची बहुतेक चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मधले भोक मोठे ठेवून बनवलेली असतात. म्हणून चाचाने बरोबर ५४.१ मापाची चार कडी काढून दिली. त्यांचे काम भार उचलण्याचे नव्हे. चाक नटांनी आवळेपर्यंत नेमके मधोमध धरून ठेवण्याचे. नटही या चाकांच्या शंकूसारख्या बैठकीला जुळणारे, सव्वा मिलिमीटर आट्यांचे, नवे घेतले.

टायर चढले, यंत्रावर चाके फिरवून हलकी बाजू शोधली, रिमच्या आतल्या अंगाला चिकटपट्टीची लहान वजने लागली. आता बसवायचे. माझी कल्पना होती, की इथून पुढे पाच मिनिटांचे काम. चाचाने तारेचा ब्रश घेतला आणि हबच्या तोंडावरचा गंज घासायला बसला! एकेका हबला पाच मिनिटे. "गंजाची खपली मध्ये राहिली तर नट आवळला जातो खपलीवर. दोन दिवसांत खपली चुरते, नि नट ढिला." बोल्टांना तेल लावू का, असे मी विचारले, तेव्हा त्याने जोराने मान हलवली. तेलाने पाना फसतो. आकडा तोच दिसतो, पण बोल्ट नको तितका ताणला जातो.

हा ताणाचा मुद्दा मला फार आवडला. आपल्याला वाटते, की नटाने चाक टांगून धरलेले असते. तसे नाही. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, जणू एक कणखर स्प्रिंगच. त्या ताणाने चाक आणि हब एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दोन सपाट तोंडांमधल्या घर्षणावर गाडी चालते. दाब कमी पडला, की चाक कणाकणाने सरकू लागते, बोल्ट प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि एक दिवस तुटतो. दाब जास्त झाला, तर बोल्ट कायमचा ताणून निकामी. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत नट किती आवळायचा, याचा आकडा दिलेला असतो. लहान मोटारींना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. शंभर न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे दहा किलोंचे ओझे. अर्ध्या मीटरचा पाना असला तर वीस किलोंचे. पायाने पान्यावर नाचणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

चाचाने चारही नट आधी बोटांनीच फिरवले. मग चाक हवेत असतानाच हलके आवळले, एक झाला की त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन समोरासमोर. गाडी जमिनीवर टेकवली आणि मापाचा पाना काढला. ठरलेल्या आकड्याला तो 'टक्' असा आवाज करतो. सोळा नट, सोळा टक्. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, आम्हा सगळ्यांना गाडीत बसवून पाहिले, कुठे घासत नाही ना. तीन तास झाले होते. शेजारच्या दुकानातून तेवढ्यात चार गाड्या निघून गेल्या होत्या.

निघताना चाचाने दोन गोष्टी बजावल्या. "जादा चाक तुमचं लोखंडी, चौदा इंची आहे. त्याचे जुने नट डिकीत पिशवीत ठेवा. रात्री पंक्चर झालं नि नवे नट त्या चाकाला नाही जुळले, तर काय कराल? नि दुसरं, पन्नास ते शंभर किलोमीटर झाले, की गार झालेल्या चाकावर पुन्हा पाना लावा. पुण्याला जाताय ना? लोणावळ्याला थांबा. चहा नंतर प्या." भाच्याने त्याच दुकानातून मापाचा पाना विकत घेतला. पैंजण राहिले, पण ते पाडव्याला मी आणले. मामाआजोबा म्हणून तो माझाच मान होता.

भाऊबीजेला पहाटे निघालो. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून जुन्या रस्त्याने फारसे कुणी जात नाही. पण आम्हाला सावकाश जायचे होते. वाशीच्या खाडीवर उजाडले. पनवेल मागे पडले. चौकच्या आसपास भातखाचरे पिवळी झाली होती, काही शेतांत कापणी चाललेली. भाच्याने एका सरळ पट्ट्यात गाडी ऐंशीवर नेली आणि स्टिअरिंगवरचे हात सैल केले. चाक हूं की चूं करीना. मागे चिंगी आजीच्या मांडीवर झोपली होती.

खोपोली सोडली, की डोंगर अंगावर येतो. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि १८६३ साली याच घाटातून आगगाडी वर चढली. त्या काळातला, अमृतांजनच्या जाहिरातीने ओळखला जाणारा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. शिंग्रोबाचे देऊळ मात्र जुन्या रस्त्याच्या कडेला अजून आहे. शिंग्रोबा धनगर. गोऱ्या साहेबाला घाटाची वाट सापडेना, तेव्हा रोज गुरे घेऊन चढउतार करणाऱ्या या माणसाने ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने आमचे स्वातंत्र्य परत द्या असे म्हटले, आणि त्याला गोळी घातली गेली, अशी आख्यायिका आहे. आजही घाट चढणारे ड्रायव्हर इथे गाडी हळू करतात, नाणे टाकतात, हात जोडतात.

आम्हीही थांबलो. एका मालट्रकचा ड्रायव्हर उतरला, देवाला नमस्कार केला आणि परत येताना हातातल्या लोखंडी दांड्याने आपल्या गाडीच्या एकेका टायरवर ठोका देत, आवाज ऐकत फिरला. मग नटांवर हात फिरवून पाहिला. देवाचे देवाला आणि चाकाचे चाकाला! माझ्या बहिणीने ते पाहिले आणि म्हणाली, "दादा, बघ, नमस्कार करून तो नुसता निघून नाही गेला."

लोणावळ्याला पोचलो, तेव्हा कुर्ल्यापासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास अंतर झाले होते. चाक एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेते. म्हणजे एकेका चाकाचे चाळीस हजारांच्या घरात फेरे झाले होते. सावलीत गाडी लावली. बायकांनी डब्यातले अनारसे काढले, चिंगी जागी झाली. अर्ध्या तासाने चाके गार झाल्यावर भाच्याने पाना काढला. टक्, टक्, टक्. मागच्या डाव्या चाकाचा एक नट मात्र टक् म्हणण्याआधी थोडासा फिरला. पाव फेराही नसेल. नव्या रंगाचा थर बैठकीत दबला, की असे होते. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मीही पाहिले. कुणी काही बोलले नाही. त्याने सोळाही नट पुन्हा एकदा समोरासमोर तपासले, पाना पुसून डबीत ठेवला आणि मग चहा सांगितला.

परतीच्या वाटेवर हाच घाट उतरायचा होता. उतारावर ब्रेक तापतात, ती ऊब हबमध्ये आणि चाकात उतरते, आणि पाच माणसांचा भार पुढच्या दोन चाकांवर रेलतो. तेव्हा कोणते चाक किती सुंदर दिसते, हे गाडीतल्या कुणालाच दिसत नाही. त्या वेळी उपयोगी पडतात ते घासलेला गंज, जुळलेले आटे, दहा मिलिमीटरही जाड नसलेले एक कडे आणि नाही म्हणायला न लाजलेला एक म्हातारा.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत आपल्या घरच्या गाडीला नवी चाके घ्यायची असतील, तर अवश्य घ्या. हौसेला मोल नाही. फक्त दुकानदाराला "बसतील का?" असे विचारू नका, तो हो म्हणेल. मधले भोक किती, बैठक कोणती, आटे कसले, ऑफसेट किती, भार किती, हे पाच प्रश्न विचारा. पहिला नट हाताने फिरवायला सांगा. आणि तो पन्नास-शंभर किलोमीटरांनी परत आवळायला सांगतो का, ते पाहा. जो सांगतो, त्याच्याकडे तीन तास मोडले तरी चालतील.

पुण्याला आम्ही दुपारी बाराला पोचलो. भाची ओवाळणीचे तबक घेऊन दारात उभीच होती. "एवढा उशीर?" तिने विचारले. चिंगीने पायातले पैंजण वाजवून दाखवले आणि म्हणाली, "बाबा ना, चाकाला टक् टक् करत होता!"